बटण दाबणारे पुष्कळ, बनवणारे किती?

मालेगाव, भिवंडी, मिरज, नांदेड, कुठल्याही मोहल्ल्यात जा, कॉम्प्युटर शिकलेली मुलेमुली सापडतात. कुणी ई-सेवा केंद्रात फॉर्म भरतो, कुणी झेरॉक्सच्या दुकानात डीटीपी करतो, कुणी होलसेल व्यापाऱ्याकडे टॅलीवर बिले टाकते, कुणी दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवते. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र तर घराघरांत आहे. या सगळ्यांबद्दल आपण ‘तो कॉम्प्युटरमध्ये आहे’ असे म्हणतो आणि ते खोटेही नाही. पण या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. पडद्यावरचे प्रत्येक बटण दुसऱ्या कुणीतरी बसवलेले असते. आपण ते दाबतो, त्याचा पगार घेतो. उद्या बटण बदलले की पुन्हा नवा क्लास लावतो.

बटण बसवणारे व्हायचे असेल तर काय करावे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : इंजिनिअरिंग करा, चार वर्षे द्या, फी भरा. ज्याला ते जमत नाही त्याने ऑपरेटरच राहावे, हे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. मला हे मान्य नाही. बारावी झालेल्या, हिशेबाची जाण असलेल्या आणि महिना-दोन महिने रोज तासभर बसण्याची तयारी असलेल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःचा छोटा, कामाचा प्रोग्रॅम लिहिता येतो. त्यासाठी दृश्य प्रोग्रामिंगची साधने आहेत. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर ती फुकट मिळतात, जुन्या कॉम्प्युटरवर चालतात, आणि मराठी व उर्दू दोन्ही नीट दाखवतात. तरीही ती आपल्या मुलांपर्यंत पोचत नाहीत, कारण ती पोचवण्यात कुणाचाच धंदा नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी चित्र, मग सूचना

१९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ‘बेसिक’ नावाची भाषा तयार केली. गणित आणि विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे प्रोग्रामिंग सर्वांसाठी असावे हा विचार आजचा नाही. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने या भाषेला एक नवी जोड दिली. ॲलन कूपर यांनी तयार केलेली, माउसने खिडकी रचण्याची कल्पना बेसिकला जोडली गेली आणि ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आले.

यातली युक्ती समजायला सोपी आहे. समजा, मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाच्या उधारीचा हिशेब ठेवायचा आहे. जुन्या पद्धतीत पडद्यावर काय कुठे दिसावे हे प्रोग्रॅमरला ओळी लिहून सांगावे लागे. दृश्य पद्धतीत तुमच्यासमोर एक कोरा फॉर्म येतो. बाजूच्या पेटीतून तुम्ही चौकटी उचलता आणि फॉर्मवर ठेवता. एक चौकट गिऱ्हाइकाच्या नावाची, एक रकमेची, एक तारखेची, खाली ‘नोंद करा’ असे बटण. इथपर्यंत एकही ओळ लिहिलेली नसते. मग त्या बटणावर दोनदा क्लिक केले की कोड लिहायची जागा उघडते आणि तिथे फक्त एवढेच सांगायचे असते की हे बटण दाबल्यावर काय व्हावे. नाव रिकामे असेल तर ‘नाव लिहा’ असा संदेश दाखव. रकमेच्या जागी अक्षरे असतील तर नोंद घेऊ नकोस. सगळे ठीक असेल तर नाव, तारीख आणि रक्कम तक्त्यात टाक, चौकटी रिकाम्या कर आणि एकूण बाकी दाखव.

बटण दाबणे ही घटना, आणि तिला द्यायचा प्रतिसाद हा तुमचा कोड. मोठमोठी ॲप्सही याच तत्त्वावर चालतात. म्हणून ही साधने पोरखेळ आहेत असे कुणी म्हटले तर ऐकू नका. दिसण्याचे काम सोपे करून ती तुमचा वेळ विचारासाठी मोकळा ठेवतात. ‘जर’ आणि ‘नाहीतर’ यांचा विचार मात्र तुम्हालाच करावा लागतो, तो कुठलेही साधन करून देत नाही.

व्हिज्युअल बेसिकने काय दिले, काय नेले

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या लहान शहरांत व्हिज्युअल बेसिक शिकलेल्या तरुणांनी पुष्कळ काम केले. पतपेढीचे खाते, शाळेची फी, दवाखान्याचे बिल, मेडिकल स्टोअरचा साठा, यांसाठी शेकडो छोटे प्रोग्रॅम गावातच तयार झाले. ते करणारे सगळेच इंजिनिअर नव्हते. दुकानदाराला पुण्या-मुंबईच्या कंपनीकडे जावे लागत नव्हते. तो शेजारच्या मुलाला सांगे, ‘बाबा, इथे एक रकाना वाढव,’ आणि रकाना वाढे.

मग काय झाले? १९९८ साली व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आली आणि ती सर्वांत लोकप्रिय ठरली. २००२ साली कंपनीने डॉट नेट आणले. नाव व्हिज्युअल बेसिकच, पण आतून इतके वेगळे की जुना कोड जसाच्या तसा त्यात चालेना. २००५ साली जगभरच्या अनुभवी प्रोग्रॅमरांनी जुनी भाषा पुढे चालू ठेवावी म्हणून कंपनीकडे जाहीर विनंती केली. ती मान्य झाली नाही. २००८ साली जुन्या साधनाचे समर्थन पूर्णपणे थांबले. तयार झालेले प्रोग्रॅम विंडोजवर पुढेही चालत राहिले, हे खरे. पण ज्या हत्याराने ते बनवले ते हत्यारच मालकाने कपाटात ठेवून दिले. लाखो लोकांचे कौशल्य एका कंपनीच्या निर्णयाने जुने झाले आणि त्यांच्या हातात काहीच नव्हते, कारण साधनाचा मूळ कोड त्यांच्याकडे नव्हता.

आपल्या भाषांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी अवघड होती. त्या सहाव्या आवृत्तीतल्या साध्या चौकटी युनिकोड नीट हाताळत नव्हत्या. मराठी टाकले की प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. त्यावर उपाय म्हणून विशिष्ट फॉन्टची युक्ती करत. आत साठवलेली अक्षरे इंग्रजीच, वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच माहिती उघडली की ‘शेख’चे काहीतरी भलतेच व्हायचे. अकारविल्हे यादी लावता येत नसे, नाव शोधता येत नसे. उर्दूचे तर विचारूच नका.

गंमत अशी की १९९१ याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचे पहिले रूप जगासमोर ठेवले. आणि देवनागरी व अरबी लिपींसह युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज आपल्याला लागणारी साधने या दोन गोष्टींच्या पायावर उभी आहेत.

लिनक्सवर नेमके काय आहे

लिनक्सकडे वळलेला नवशिका पहिला प्रश्न विचारतो : व्हिज्युअल बेसिकसारखे इथे काय मिळेल? उत्तरे एकापेक्षा जास्त आहेत, त्यामुळेच तो गोंधळतो. माझ्या मते निवड अशी करावी.

पहिले नाव गॅम्बास. बेन्वा मिनिसिनी या फ्रेंच प्रोग्रॅमरने हे साधन सुरू केले. २००५ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ‘गॅम्बास म्हणजे जवळपास बेसिकच’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले आहे. स्पॅनिशमध्ये गॅम्बास म्हणजे कोळंबी, आणि साधनाचे चिन्हही कोळंबीच. कोकणातल्या वाचकांना एवढी खूण पुरेशी आहे. फॉर्म, पेटी, दोन क्लिक, कोड, हे सगळे यात व्हिज्युअल बेसिकच्या वळणाचे आहे. तरी ही त्याची नक्कल नाही, जुने व्हिज्युअल बेसिकचे प्रकल्प यात तसेच्या तसे उघडत नाहीत. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारख्या डेटाबेसशी ते जोडता येते. उबुंटू किंवा डेबियनवर ते थेट सॉफ्टवेअरच्या भांडारातून बसवता येते. मर्यादा अशी की ते मुळात लिनक्ससाठीच आहे, आणि त्यात केलेला प्रोग्रॅम ज्या कॉम्प्युटरवर चालवायचा तिथेही गॅम्बासचे काही भाग बसवावे लागतात. पहिला प्रोग्रॅम शिकण्यासाठी मी याचीच शिफारस करीन.

दुसरे लाझारस. याची भाषा पास्कल. निकलाउस विर्थ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेली ही भाषा शिकवण्यासाठीच तयार झाली होती, त्यामुळे तिला शिस्त आहे. आधी सांगावे लागते की ही चौकट आकड्याची आहे की मजकुराची, मग पुढे जायचे. सुरुवातीला कंटाळा येतो, पण पुढे चुका कमी होतात. बोर्लंड कंपनीचे डेल्फी नावाचे साधन एके काळी खूप चालत असे. लाझारस त्याच्या धाटणीचे आहे. १९९९ पासून स्वयंसेवक ते घडवत आहेत आणि २०१२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे तुम्ही लिनक्सवर लिहिलेला तोच कोड विंडोजसाठीही तयार करता येतो आणि दुकानदाराला एक सुटी फाइल देता येते. पीझिप आणि डबल कमांडर यांसारखी जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअरे लाझारसमध्ये लिहिलेली आहेत. ज्याला पुढेमागे चार पैसे मिळवायचे आहेत त्याने गॅम्बासवर हात बसला की लाझारसकडे यावे.

तिसरे लिबरऑफिस बेस. बहुतेक लिनक्स प्रणालींत लिबरऑफिस आधीच असते. नसला तर बेस हा भाग वेगळा बसवता येतो. ज्यांनी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस पाहिले आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. तक्ता करा, त्यावर फॉर्म चढवा, अहवाल काढा. वाचनालयाची पुस्तके, बचत गटाचे हप्ते, शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी, एवढ्यासाठी कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. मोठे काम त्याला पेलत नाही, पण ‘तक्ता’ म्हणजे काय आणि दोन तक्ते एकमेकांशी कसे जोडायचे हे शिकायला त्याच्याइतकी सोपी जागा नाही.

याखेरीज क्यूटी डिझायनर आणि ग्लेड ही नावे कानावर येतील. त्यांत फक्त खिडकीचे चित्र काढायचे असते. कोड वेगळ्या जागी, पायथन किंवा सी प्लस प्लस अशा भाषेत लिहून त्या चित्राला जोडावा लागतो. साधने चांगली आहेत, पण ज्याने आयुष्यातली पहिली ओळ अजून लिहिलेली नाही त्याला हा सांधा जोडतानाच वैताग येतो. त्याने ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवावीत. लहान भावंडांसाठी एमआयटीचे स्क्रॅच आहे, त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम बनतो. आणि ज्यांना फोनसाठीच ॲप करायचे आहे त्यांनी एमआयटी ॲप इन्व्हेंटर पाहावे. ते ब्राउझरमध्ये चालते, म्हणून लिनक्सवरही चालते.

वर मराठी-उर्दूचा मुद्दा सांगितला तो इथे पुन्हा आठवा. गॅम्बास आणि लाझारस दोन्ही मजकूर युनिकोडमध्ये ठेवतात. एकाच फॉर्मवर एका चौकटीत नाव मराठीत आणि दुसऱ्या चौकटीत उर्दूत लिहिता येते. उर्दूसाठी नस्तालिक फॉन्टही मोफत मिळतात. ज्या घरात दादीचे पत्र उर्दूत आणि नातीची शाळा मराठीत आहे, त्या घरातल्या मुलीने बनवलेल्या रजिस्टरमध्ये दोन्ही लिप्या शेजारी शेजारी असतील, तर ती सोय कुठलीही बाहेरची कंपनी आपल्यासाठी आपणहून करणार नाही. ती आपणच करू शकतो.

फुकट मिळते म्हणून नव्हे

लिनक्सचा प्रचार करणारे बहुधा ‘फुकट आहे’ यावर थांबतात. आपल्याकडे पायरेटेड विंडोजही फुकटच मिळते, त्यामुळे या युक्तिवादाला कुणी भीक घालत नाही. खरा मुद्दा मालकीचा आहे.

याचे एक चांगले उदाहरण लिनक्सवरच घडले. २००१ साली बोर्लंडने डेल्फीचे लिनक्स रूप ‘कायलिक्स’ नावाने आणले. साधन देखणे होते. पण २००२ साली तिसरी आवृत्ती आल्यानंतर कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. कायलिक्स शिकलेले लोक जिथल्या तिथे राहिले. त्याच काळात स्वयंसेवकांनी सुरू केलेले लाझारस मात्र अजून चालू आहे. खरे तर मेगिडो नावाचा त्याआधीचा एक प्रयत्न फसला होता. त्यातूनच हे नवे काम उभे राहिले, म्हणून बायबलमधल्या मृत्यूतून परतलेल्या लाझारसचे नाव त्याला दिले गेले.

मुक्त साधने कधीच बंद पडत नाहीत असे मी म्हणत नाही. ग्लेडचेच पाहा. जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत ते पोचले नाही आणि लोकांना दुसरे साधन शोधावे लागले. गॅम्बासची बरीच मदार अजून त्याच्या मूळ कर्त्यावर आहे, हाही धोकाच आहे. फरक एवढा की मुक्त परवान्यामुळे मूळ कोड सर्वांसमोर असतो. एकाने सोडले तर दुसऱ्याला तो उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. वापरा, आतून पाहा, बदला, इतरांना द्या, या चारही गोष्टींचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. साधनाची मांडणी मराठीत करायची ठरवली तर अर्ज कुठे करायचा हा प्रश्नच येत नाही, भाषांतराच्या फाइली उघड्या असतात. नागरिक म्हणून हक्कांची भाषा बोलणाऱ्या तरुणांना हा फरक समजावून सांगावा लागू नये.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप नोकरीचा. ‘गॅम्बास येणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. लाझारसचीही क्वचितच. हे मान्य करूनच पुढे जावे. पण अट, पुनरावृत्ती, घटना, तक्ता, चौकशी या कल्पना एकदा डोक्यात बसल्या की जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये फक्त लिहिण्याची पद्धत बदलते. ज्याने स्वतःचा एक प्रोग्रॅम पूर्ण करून दुसऱ्याला वापरायला दिला आहे, तो मुलाखतीत प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आलेल्यापेक्षा वेगळा दिसतो. शिवाय नोकरी हाच एक मार्ग नाही. लूमवाला, मेडिकलवाला, क्लास चालवणारे सर, टेम्पोवाल्यांची संघटना, या सगळ्यांना त्यांच्या गरजेपुरते छोटे सॉफ्टवेअर हवे असते आणि मोठ्या कंपन्यांना एवढ्या लहान कामात रस नसतो. ती जागा रिकामी आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा. ‘आता एआय कोड लिहून देतो, शिकायचे कशाला?’ एआय कोड देतो, पण तो कुठे ठेवायचा, बरोबर आहे का आणि चुकला तर कुठे चुकला, हे कळायला समज लागते. गॅम्बासची म्हणून व्हिज्युअल बेसिकची ओळ तो तुमच्या हातात ठेवू शकतो. उधारीच्या हिशेबात जमेची रक्कम वजा होण्याऐवजी वाढली, तर गिऱ्हाईक एआयशी भांडायला जात नाही, तुमच्या दारात येते. ज्याला पाया येतो त्याला एआय चांगला मदतनीस ठरतो. ज्याला येत नाही तो पुन्हा बटण दाबणाराच राहतो, बटण तेवढे नवे.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. या भाषांतले मूळ शब्द इंग्रजी आहेत. पण सुरुवातीला लागणारे शब्द वीस-पंचवीसच असतात : इफ, देन, एल्स, फॉर, नेक्स्ट वगैरे. तेवढे कुणीही शिकतो. खरी अडचण चुकीच्या संदेशांची आणि मदतीच्या पानांची आहे. प्रोग्रॅम अडतो, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, ती कळत नाही, विचारायला कुणी नसते आणि मुलगा कॉम्प्युटर बंद करून उठतो. बहुतेकांचे शिकणे इथेच संपते, बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे.

मग करायचे काय?

केरळचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तिथे २००१ साली शाळांसाठी आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. आज तिथली मुले लिनक्सवर शिकतात, पाठ्यपुस्तकात स्क्रॅच आहे, आणि २०१८ साली सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ या शाळकरी क्लबांत हायस्कूलची मुलेमुली मोबाइल ॲप बनवायला शिकतात. हे सगळे मल्याळममध्ये, गावच्या शाळेत. तिथे सरकारने मनावर घेतले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

महाराष्ट्रातही पाटी कोरी नाही. जीएनयूखाता हे मुक्त हिशेब सॉफ्टवेअर मुंबईतून उभे राहिले आणि त्यामागचे मुख्य प्रोग्रॅमर कृष्णकांत माने दृष्टिहीन होते. ते सॉफ्टवेअर आपल्याकडे अकरावी-बारावी कॉमर्सच्या आयटी विषयात शिकवले गेले आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे छोटे छोटे व्हिडिओ पाठ मराठीतही दिले आहेत. म्हणजे सुरुवातीचा रस्ता आहे. लिबरऑफिसपासून पुढे गॅम्बास आणि लाझारसपर्यंतचा रस्ता मराठीत बांधायचा बाकी आहे, आणि तो बांधायला शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

कॉम्प्युटर कुठून आणायचे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे समर्थन थांबवले. जुन्या पुष्कळ कॉम्प्युटरांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही चिप लागते. ऑफिसे आणि शाळा असे कॉम्प्युटर काढून टाकतात. त्यांवर हलके लिनक्स व्यवस्थित चालते. वस्तीतल्या अभ्यासिकेत असे चार-पाच कॉम्प्युटर मागून आणणे हे एका ग्रुपचे आठवड्याचे काम आहे.

मग आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायचे. पहिल्या महिन्यात लिबरऑफिस बेसमध्ये अभ्यासिकेच्याच पुस्तकांची नोंदवही करायची. दुसऱ्या महिन्यात तेच काम गॅम्बासमध्ये, फॉर्म आणि बटणासह. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाने वस्तीतल्या एका खऱ्या माणसाला गाठून त्याची अडचण विचारायची आणि त्याच्यासाठी एक प्रोग्रॅम पूर्ण करायचा. शिकताना अडलेला प्रत्येक इंग्रजी संदेश आणि त्यावर सापडलेला उपाय मराठीत एका वहीत लिहून ठेवायचा. सहा महिन्यांनी ती वही हेच पुढच्या तुकडीचे पाठ्यपुस्तक होईल, आणि वर सांगितलेली इंग्रजीची अडचण तिच्यामुळे निम्म्याने हलकी होईल.

या गटांत मुली असल्याच पाहिजेत, आणि त्या शोभेपुरत्या नकोत. घराबाहेर लांब नोकरीला पाठवायला कां-कूं करणारी घरे गल्लीतल्या अभ्यासिकेला सहसा नाही म्हणत नाहीत. मेडिकलवाल्याचा साठा मोजणारा प्रोग्रॅम घरी बसूनही लिहिता येतो. पण घरी बसून करता येते म्हणून तिने घरीच बसावे, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

एक सावधगिरीची सूचना. लोकांची नावे, फोन नंबर, उधारी, आजार हे तुमच्या हाती येईल. वस्तीत विश्वास एकदा गेला की परत येत नाही. म्हणून पासवर्ड, रोजची दुसरी प्रत आणि ‘कुणाचे काय’ हे बाहेर न बोलण्याची सवय, या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

या लेखानंतर तुम्ही एकच गोष्ट करावी अशी माझी अपेक्षा आहे. घरातल्या किंवा मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घाला, गॅम्बास उघडा आणि कोऱ्या फॉर्मवर एक बटण ठेवा. त्यावर मराठीत किंवा उर्दूत काहीही लिहा आणि ते दाबल्यावर काय व्हावे ते स्वतः ठरवा. मग जवळच्या एकाला ते दाबायला सांगा, आणि पुढच्या वेळी त्यालाही शेजारी बसवून घ्या.